तीन जीव एका फटक्यात गारद! स्क्रॅच शिकताना या चुका टाळा

स्क्रॅच म्हणजे पडद्यावर ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम लिहायची, मुलांसाठीची भाषा. त्यात स्पेलिंग चुकत नाही, अर्धविराम विसरत नाही, खाचेत न बसणारा ठोकळा जोडलाच जात नाही. म्हणून मुलांना वाटतं, ठोकळे चिकटले म्हणजे प्रोग्रॅम झाला. मग खेळ भलताच वागतो आणि मागच्या बाकावरून आरोळी येते, "सर, कॉम्प्युटर बिघडला!" तो बिघडलेला नसतो. बहुतेक वेळा ठोकळाही बरोबर असतो. तो कधी चालतो आणि किती वेळा चालतो, याचा विचार कोणी केलेला नसतो.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक जीव मोजण्याची. खेळ साधा असतो. वरून आंबे आणि दगड पडतात, खाली टोपली. आंबा पकडला की एक गुण, दगड लागला की एक जीव कमी. मूल दगडाला लिहितं: फॉरएव्हरमध्ये (सतत फेऱ्या मारणारा ठोकळा) इफ (जर), टोपलीला टचिंग (स्पर्श) असेल तर 'जीव' चेंज बाय -१, म्हणजे एकने कमी. वाचायला अगदी बरोबर. चालवलं की पहिल्याच दगडाला तिन्ही जीव जातात आणि आकडा उणे सतरा-एकोणीसवर जाऊन थांबतो.

पडद्यावर काही हलत असेल तर फॉरएव्हर सेकंदाला साधारण ३० फेऱ्या मारतो. दगड टोपलीवरून सरकताना पाऊण सेकंद लागला, तर "लागला का?" हा प्रश्न वीस-बावीस वेळा विचारला जातो आणि प्रत्येक वेळी उत्तर "हो" येतं. तीन जीव संपायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो.

इथे घाईत केला जाणारा उपाय म्हणजे 'वेट १ सेकंद'. हा ठोकळा म्हणजे मुलांचा झंडू बाम, दुखेल तिथे चोळायचा. पण दगड खाली सरकवणारा ठोकळाही त्याच फॉरएव्हरमध्ये असतो, त्यामुळे दगड टोपलीवरच सेकंदभर लटकतो. थोडा हलला की पुन्हा जीव जातो, कारण स्पर्श संपलेलाच नसतो. त्यापेक्षा स्पर्शच संपवा. जीव एकने कमी केला की लगेच दगडाला वर पाठवा: एक्सला (आडवी जागा) पिक रँडम -२२० ते २२०, म्हणजे यातला कुठलाही आकडा, वायला (उभी जागा) १७०. पुढच्या फेरीत तो टोपलीला लागलेलाच नसतो, म्हणून मोजणी एकदाच होते. शत्रू जागचा हलणार नसेल तर वेगळ्या स्क्रिप्टमध्ये (ठोकळ्यांची साखळी) जीव कमी केल्यावर 'वेट अंटिल' घ्या आणि त्यात 'नॉट' व 'टचिंग' बसवा, म्हणजे स्पर्श संपेपर्यंत थांबायचं. खेळ संपवायची अट 'जीव = ०' अशी कधीच लिहू नका. दोन दगड एकदम लागले तर आकडा १ वरून थेट -१ होतो आणि खेळ संपतच नाही. 'जीव < १' लिहा.

बरोबरच्या चिन्हाचा हाच घोळ जागेच्या बाबतीतही होतो. मंच, म्हणजे खेळ दिसतो तो चौकोन, ४८० बाय ३६०, शून्य मधोमध, म्हणजे तळ -१८०. म्हणून आंबा तळाला पोचला का हे मुलं 'वाय = -१८०' असं तपासतात. आंबा १७० वरून सहा-सहाने खाली आणला तर -१७८ नंतर -१८४ यायला हवं. -१८० वाटेत येतच नाही. शिवाय स्क्रॅच स्प्राइटला, म्हणजे आंबा-दगडासारख्या पात्राला, मंचाबाहेर पूर्ण जाऊ देत नाही. म्हणून 'वाय < -१६५' बरं.

दुसरा हमखास गोंधळ क्लोनचा, म्हणजे खेळ चालू असताना काढलेल्या स्प्राइटच्या नकलांचा. मुलाला स्पेस दाबल्यावर नवा पक्षी हवा असतो, म्हणून पक्ष्यालाच लिहितं: व्हेन स्पेस की प्रेस्ड, क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ. पहिल्यांदा दाबलं, दोन पक्षी, वर्ग खूश. दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. आता कोणीतरी बटण धरूनच ठेवतं. आठव्या दाबाला २५६ पक्षी होतात, नवव्याला स्क्रॅचची ३०० क्लोनची मर्यादा लागते आणि जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. मग "क्लोन खराब आहेत, वापरूच नका" असा निष्कर्ष निघतो आणि तो मुलांपेक्षा शिकवणारेच जास्त काढतात. क्लोनकडे मूळ स्प्राइटच्या सगळ्या स्क्रिप्ट असतात. बटण दाबलेलं प्रत्येक क्लोनला कळतं आणि प्रत्येक जण आपली नक्कल काढतो. निरोपांचंही, म्हणजे ब्रॉडकास्टचंही, तसंच. सगळ्यात सुटसुटीत सवय ही की नक्कल काढायचा ठोकळा मंचाच्या स्क्रिप्टमध्ये ठेवायचा: 'क्रिएट क्लोन ऑफ पक्षी'. मंचाचा क्लोन होत नाही, त्यामुळे हुकूम देणारा एकच राहतो. आणि क्लोनचा वेग, दिशा वगैरे ठेवणारं व्हेरिएबल करताना 'फॉर धिस स्प्राइट ओन्ली' निवडा, नाहीतर सगळे पक्षी एकाच वेगाने उडतील.

हिरवा झेंडा, म्हणजे खेळ सुरू करायचं बटण, दाबला की सगळं पहिल्यासारखं होतं, हा आणखी एक गैरसमज. होत नाही. लपलेला स्प्राइट लपलेलाच राहतो, मोठा झालेला मोठाच, गुण कालचेच. झेंड्याखाली आधी जागा, दिशा ९०, आकार, कॉस्च्युम (स्प्राइटचं चित्र), शो (दिसू दे) आणि गुण ० एवढं लावा, मग खेळ. कंटाळवाणं आहे, पण आंघोळीइतकंच.

बाण दाबून धरला की स्प्राइट एक पाऊल टाकून अडखळतो आणि मग धावतो? 'व्हेन की प्रेस्ड'ऐवजी फॉरएव्हरमध्ये 'इफ की प्रेस्ड' वापरा.

डावीकडे वळल्यावर मांजर उलटं लटकतं? रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट करा.

स्प्राइट स्वतःभोवती न फिरता गोफणीसारखा फिरतो? कॉस्च्युममध्ये चित्र मधल्या खुणेवर नाही, ओढून आणा.

आता रीमिक्सबद्दल. दुसऱ्याचा दोनशे ठोकळ्यांचा खेळ उचलायचा, मांजराच्या जागी आवडता हिरो चिकटवायचा आणि पालकांना दाखवायचं, याला शिकणं म्हणणं कठीण आहे. रीमिक्स घ्या, पण त्यातला एक ठोकळा काढा आणि काय मोडतं ते मुलाला आधी सांगायला लावा. सांगता आलं नाही तर तो खेळ त्याच्यासाठी अजून मोठा आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना तर स्क्रॅच ज्युनिअरच द्या. उणे आकडे कळत नसताना एक्स-वायचा छळ कशाला?

चूक शोधताना शिक्षकांनी माऊस हातात घेऊ नये. मुलाला 'टचिंग'च्या षटकोनी ठोकळ्यावर नुसतं क्लिक करायला सांगा. तिथल्या तिथे ट्रू की फॉल्स ते दिसतं. चालू असलेल्या स्क्रिप्टभोवती पिवळी कड उजळते. ती उजळत नसेल तर आतले ठोकळे तपासण्यात अर्थ नाही, वरची टोपी, म्हणजे स्क्रिप्ट सुरू करणारा 'व्हेन'चा ठोकळा, बघा.

लॉगिन नसेल तर ब्राउझरचा टॅब बंद केला की काम गेलं. फाइल मेन्यूतून 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर' करा, आणि दर तासाला नवं नाव द्या: आंबा१, आंबा२, आंबा३. चुकून स्प्राइट उडवला तर रडण्याआधी एडिट मेन्यूतलं 'रिस्टोअर' बघा. पण ते फक्त शेवटचाच परत आणतं.