मिरगाची वाट बघू नका, चर आज उपसा

लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा झाल्याची बातमी आली की किनाऱ्यावर सगळे एकच विचारतात, वादळ धडकणार कुठे? गोव्याला, आपल्याकडे कोकणात, की वर गुजरातला? आणि ‘गुजरातला’ असं कळलं की कुदळ-फावडी परत पडवीत जातात. गेली काही वर्षं मी हे बघतो आहे आणि त्याची किंमत मोजणाऱ्या माड-सुपारीच्या वाड्याही बघतो आहे. म्हणून आधीच सांगतो. वादळाचं टोक कुठेही लागो, वाडीतले पाणी काढून देणारे चर आज उपसा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तारखा आठवून बघा. तौक्ते वादळ २०२१ साली १७ मेच्या रात्री दीवच्या पूर्वेला सौराष्ट्रात जमिनीवर चढलं. आपल्याकडे ते आलंच नाही, फक्त समुद्रातून वर सरकलं. तरी १६ मेला सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत आंब्याची, काजूची, माडांची काय दशा झाली ते ज्याच्या बागा आहेत त्याला विचारा. अक्षय्य तृतीया होऊन दोनच दिवस झाले होते. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार तर ओमानच्या दिशेने निघून गेलं, पण ऐन दिवाळीत कापलेलं भात शेतात पाण्यावर तरंगत होतं आणि लोंबीतच दाण्याला मोड आले. निसर्ग मात्र थेट आलं. ३ जून २०२०, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, अलिबागच्या दक्षिणेला, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा घेऊन. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, खाली दापोली-मंडणगडपर्यंतच्या पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या झाल्या.

या तिन्हींत मे-जूनची दोन वादळं मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, आधी आली. आणि आपल्याकडे चर उपसायचा मुहूर्त कोणता? मिरग. मालवणात ‘मिरगाक बघूया’, दापोलीत ‘मिरगाला बघू’. सात-आठ जूनपर्यंत चरात उन्हाळ्याचा पातेरा (वाळका पाला), झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, सोडणं (नारळाच्या साली), कोणीतरी टाकलेली प्लॅस्टिकची गोणी, सगळं तसंच भरलेलं असतं. आजोबांच्या काळात ते चाललं, कारण पाऊस मिरगाला यायचा. आता पहिला मोठा पाऊस वादळाबरोबर येतो आणि तो एका रात्रीत पडतो.

निसर्गनंतर वाड्यांतून फिरताना मला पडलेल्या पोफळी दोन प्रकारच्या दिसल्या. काही मध्येच मोडलेल्या, कांडक्यावर. ते वाऱ्याचं काम, त्याला कोणाचा इलाज नाही. पण बऱ्याच मुळासकट उपटलेल्या होत्या, मुळांना चिखलाचा गड्डा तसाच धरलेला. आणि त्या बहुतेक सखल टोकाला, जिथे चर बुजला होता तिथे. पोफळीची मुळं खोल जात नाहीत. वाऱ्याच्या आधी काही तास पाऊस पडतो, पाण्याला वाट मिळत नाही, मुळाखालची माती शिऱ्यासारखी होते, मग मागून वारा येतो तो झाडाला फक्त ढकलतो. वारा तुमच्या हातात नाही. माती घट्ट ठेवणं पुष्कळसं तुमच्या हातात आहे.

आता काम कसं करायचं ते सांगतो.

पहिलं, आळी फोडा. उन्हाळ्यात पाणी देण्यासाठी प्रत्येक माडाला, पोफळीला, नव्या कलमाला आपण आळं करतो. पावसात हेच आळं खोडाभोवती तळं करतं. उताराच्या बाजूला कुदळीचा एकच घाव घालून तोंड उघडं करा. आळं सपाट करत बसू नका, तेवढा वेळ नाही. आणि वादळाची बातमी पक्की झाली की पाणी देणं बंद. कोरडी माती जितकी जास्त पाणी पिईल तितकं बरं.

दुसरं, चर खालून वर उपसा. बहुतेक जण घराजवळून सुरुवात करतात आणि गडग्यापर्यंत (हद्दीच्या दगडी बांधापर्यंत) पोचेस्तोवर दिवस मावळतो. उलटं करा. आधी जिथे चर पऱ्याला (ओढ्याला) मिळतो ते तोंड मोकळं करा, मग वर या. अर्धंच काम झालं तरी खालचं अर्धं कामाचं असतं. वरचं अर्धं उपसून खाली तोंड बंद राहिलं तर तुम्ही शेवटच्या ओळीत पाणी साठवायची सोय केलीत. दोन-तीन ओळींआड एक चर हवा आणि त्याचा तळ झाड लावलेल्या खड्ड्याच्या तळापेक्षा वीतभर तरी खाली हवा. उपसलेला गाळ उताराच्या खालच्या काठावर टाका. वरच्या काठावर टाकलेला पहिल्या सरीला परत चरात येतो.

खोडाजवळ मात्र कुदळ चालवू नका. वादळाच्या तोंडावर मुळं तोडलीत तर झाड तुम्हीच अर्धं पाडलंत. आंब्याला तर फांद्यांच्या घेराच्या बाहेरूनच चर काढा.

तिसरं, शेजारी. चर तुमचा, पण मोरी त्याच्या गडग्यात. ती बहुतेक वेळा बुजलेली असते, कारण त्याच्या बाजूने ते काम कोणाचंच नसतं. आजच संध्याकाळी जा, ‘काका, उद्या सकाळी दोघं मिळून मोरी उघडू या’ एवढंच म्हणा. जुना बांधाचा वाद असला तरी जा. गडग्याचे दोन चिरे काढावे लागले तर काढा, पावसाळा संपल्यावर परत बसवता येतात.

कातळावरच्या बागांना वेगळं सांगणं आहे. सुरुंग लावून खड्डे काढून, माती भरून हापूस लावला, तो खड्डा म्हणजे दगडाची कुंडी आहे. पाणी खाली मुरत नाही आणि मुळंही कुंडीबाहेर फारशी गेलेली नसतात. अशा कलमांच्या खालच्या अंगाला कातळात पहारीने छोटी का होईना खाच पाडून पाणी बाहेर काढा. पाच-सात वर्षांच्या कलमांत हे केलंत तर फरक दिसेल, असा माझा अनुभव आहे. विद्यापीठाच्या कुठल्या पत्रकात मी हे वाचलेलं नाही.

खाडीकाठी खारभूमीचे बांध आहेत तिथे उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप हलते की नाही ते आजच बघा. गंजून बसलेली झडप भरतीला समुद्र आत घेते आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडत नाही. अमावास्या-पौर्णिमा जवळ असेल तर उधाणाचा जोर वेगळा. भरतीचा हिशेब जुनाच, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. भरतीच्या वेळी पऱ्या तुंबतो आणि चरातलं पाणी मागे सरकतं, म्हणून चर रुंद असण्यापेक्षा खोल असलेला बरा.

वादळ कुठे आहे ते बघायला शिका, नुसत्या मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांवर जाऊ नका. हवामान खात्याच्या पत्रकात अक्षांश दिलेला असतो. मालवण साधारण १६, रत्नागिरी १७, श्रीवर्धन १८, अलिबाग साडेअठराच्या जरा वर. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. केंद्र १४.५ वर आहे आणि ताशी १५ किलोमीटरने उत्तरेला सरकतंय असं लिहिलं असेल तर ते मालवणच्या समोर यायला अकरा तास आहेत. वारा-पाऊस त्याच्या कितीतरी आधी येतो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र. नकाशावर मार्गाभोवती जो सुपासारखा रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात त्यातल्या मधल्या रेघेकडे बघू नका. पट्ट्यात तुमचं गाव आहे का ते बघा. आणि पट्ट्याबाहेर असलात तरी चर उपसा, क्यारने आपल्याला काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आकाशाकडेही लक्ष द्या. मे महिन्यात मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा सकाळी उन्हं तापली की पडतो आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. ज्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी वारा घाटाकडूनच येतोय आणि समुद्रावर वारा नसताना मोठ्या लाटा फुटताहेत, गाज नेहमीपेक्षा लांबवर ऐकू येतेय, त्या दिवशी मी पत्रकाची वाट बघत नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. मध्येच वारा एकदम पडून उजाडल्यासारखं झालं तर वाडीत धावू नका, केंद्र डोक्यावरून जात असेल तर थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने येतो.

बाकीची कामं, थोडक्यात:

— तयार आंबा झेल्याने काढा, ८०-८५ टक्के तयार फळ चालेल, कोवळं काढू नका
— पडलेला आंबा काढलेल्या आंब्यात मिसळू नका, तो लोणच्याला, आंबोशीला
— माडाचे पिकलेले नारळ आणि सुकी झापं उतरवा, पाडेली (माडावर चढणारे) आजच सांगून ठेवा
— हिरवी झापं तोडू नका, माड कमजोर होतो
— नव्या कलमांना बांबूचा आधार, सुतळी सैल आठच्या आकड्यात
— पंपाची मोटर वर काढा, टाक्या भरून ठेवा, वीज किती दिवस जाईल सांगता येत नाही
— शेडनेट सोडून गुंडाळा, पत्र्यांवर वजन ठेवा
— गुरांची दावी सोडा, माडाखाली बांधू नका
— खत, बियाणं, शिधा माळ्यावर
— होड्या वर ओढा, बंदरात बावटा लागला की समुद्रात जाऊ नका
— जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि ११२ हे नंबर भिंतीवर लिहा

आता दुकानदारांबद्दल. वादळाची बातमी आली की दोन दिवसांत फोन सुरू होतात. मुळं घट्ट करणारं ह्युमिक, फांदी चिवट करणारं पोटॅश, वादळापूर्वी मारायचं टॉनिक. दोन दिवसांत कुठलंही पोटॅश फांदी चिवट करत नाही, ते हंगामभराचं काम आहे. ऐन वादळाच्या आदल्या दिवशी हजारो रुपयांच्या बाटल्या मारून आलेला माणूस मी पाहिलाय, त्याचा चर मात्र तसाच भरलेला होता. फवारणी पहिल्या सरीतच धुऊन गेली. तेच पैसे दोन गड्यांच्या मजुरीला दिले असते तर वाडी वाचली असती, असं मला आजही वाटतं.

एक स्वस्त औषध मात्र हाताशी ठेवा, मोरचूद आणि कळीचा चुना. एक टक्का बोर्डो मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. लखलखीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा, तांबूस पुट चढलं तर चुना अजून घाला. पोफळीच्या कोळेरोगाला (सुपाऱ्या कुजून गळतात त्या रोगाला) हेच फवारायचं असतं, मेअखेर किंवा पावसाच्या सुरुवातीला, आणि पुन्हा ४०-४५ दिवसांनी. पण वादळ दोन दिवसांवर असेल तर मी थांबतो आणि पहिल्या उघडिपीला फवारतो. मोडलेल्या फांद्यांच्या जखमांना त्याचंच दहा टक्के मलम लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

वादळ गेल्यावर पहिल्या सकाळी सगळ्यात आधी काय बघायचं? परत चरच. पडलेल्या झापांनी तो पुन्हा बुजलेला असतो आणि पाऊस थांबलेला नसतो. मिरीचे वेल तर वाऱ्याने नाही मरत, आठवड्याभराने साचलेल्या पाण्याने मरतात. जलद मर लागली की मग कुठल्याही आळवणीचा उपयोग होत नाही.

त्यानंतर तारीख-वेळ दिसेल असे फोटो, मग तलाठी आणि कृषी सहायकांना कळवणं. पंचनाम्याआधी झाडं तोडून नेऊ नका. मात्र कलंडलेली लहान कलमं पंचनाम्यासाठी पडून ठेवू नका. फोटो काढा आणि तीन-चार दिवसांच्या आत उभी करा, उघडी मुळं तोवर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मोठं झाड उभं करायचं तर आधी फांद्यांचा भार निम्म्याने कमी करा. उभं केल्यावर युरिया घालू नका, मुळंच नाहीत तर ते खाणार कोण.

आडवे झालेले माड कुजत पडू देऊ नका. त्यांच्या ओंडक्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तो उभ्या माडाला भोकं पाडून गेला की मागून सोंड्या भुंगा शिरतो. ओंडके उभे चिरा, वाळवा, सरपणाला वापरा. ज्या ओंडक्यांना नेता येणार नाही ते निदान चरातून बाहेर काढा.