टर्मिनेटर कोब्राची फ्युएल सिस्टीम अपग्रेड करताय? या चुका टाळा

२००३-०४ ची मस्टँग एसव्हीटी कोब्रा, जिला सगळे टर्मिनेटर म्हणतात, ती कंपनीतूनच ३९० हॉर्सपॉवर घेऊन येते आणि ईटन एम११२ सुपरचार्जरची वरची पुली लहान केली की बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब, लगेच वाढतो. इथे मिशिगनमध्ये माझ्याकडे २००३ ची आहे. पुली बदलायला एक दुपार पुरते, पेट्रोलचं मात्र "नंतर बघू" होतं, आणि इंजिनं जातात ती तिथेच. आत मॅनलीचे रॉड, फोर्ज्ड पिस्टन, कास्ट आयर्न ब्लॉक, म्हणून हिला काही होत नाही असा समज आहे, पण बूस्टमध्ये मिक्स्चर लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की डेटोनेशन (मिश्रण आपोआप भडकणं) सुरू होतं आणि त्यापुढे फोर्ज्ड पिस्टनच्या रिंग लँड, म्हणजे रिंगांमधल्या कडासुद्धा तुटतात.

पहिली चूक म्हणजे नुसते मोठे इंजेक्टर टाकून काम झालं असं समजणं. हिशेब सोपा आहे. सुपरचार्ज्ड इंजिनाला पेट्रोलवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पाउंड इंधन लागतं. कंपनीचे ३९ पाउंडचे (तासाला) ८ इंजेक्टर ८०% ड्युटीवर, म्हणजे ८०% वेळ उघडे धरले तर ४१६ हॉर्सपॉवरला गाडं अडतं, म्हणजे स्टॉकपेक्षा जेमतेम पंचवीस जास्त! ६० पाउंडचे घातले की तोच आकडा ६४० वर जातो, पण तेवढं पेट्रोल पंपाने आणून द्यायला हवं ना, आणि प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो कमी होतो हे कोणी धरतच नाही. इंजेक्टरच्या दोन्ही टोकांत ३९ पीएसआयचा फरक ठेवायचा असेल तर १५ पीएसआय बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ५४ पीएसआय लागतात. म्हणजे सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं त्याच वेळी पंपावर सगळ्यात जास्त दाब असतो.

या गाडीला रिटर्न लाइन, म्हणजे उरलेलं पेट्रोल टँकमध्ये परत नेणारी नळी, नाही. टँकमधल्या दोन पंपांचा वेग एक ड्रायव्हर मॉड्यूल कमीजास्त करतं आणि ते रेलवरच्या प्रेशर सेन्सरच्या भरवशावर चालतं. त्या सेन्सरला मॅनिफोल्डमधून एक बारीक व्हॅक्यूम नळी येते. ती चिरली, सुटली किंवा काम करताना परत लावायची राहिली तर सेन्सरला बूस्ट कळतच नाही, त्याला प्रेशर ठीक दिसतं आणि गाडी लीन जाते. बॉनेट उघडलं की आधी ती नळी बोटाने हलवून बघा.

आता माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. एका शॉपमधून मोठे पंप बसवून घेतले, आठ महिने गाडी मस्त चालली, मग एक दिवस तिसऱ्या गिअरमध्ये ५२०० आरपीएमच्या पुढे वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर) ११.६ चं १२.८ झालं, म्हणजे मिक्स्चर लीन झालं, आणि मी तिथल्या तिथे पाय काढला. फिल्टर बदलला, वायरिंग तपासलं, इंजेक्टर साफ करून घेतले, काही फरक नाही. बाहेर कुठे थेंब नाही, वास नाही. शेवटी टँक उतरवला तर पंपावरचा रबरी होज फुगून लिबलिबीत झालेला आणि क्लॅम्पच्या कडेला दोन सेंटिमीटरची चीर! म्हणजे पंप पेट्रोल टँकमधून टँकमध्येच फिरवत होता. साधा फ्युएल होज फक्त आतून पेट्रोल सहन करतो, बुडून राहायला तो बनलेलाच नसतो. टँकच्या आत जे३०आर१० छापलेलाच होज लागतो, महाग असला तरी.

वायरिंगचं थोडक्यात: मोठा पंप जास्त करंट ओढतो, जुन्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि पंप मंदावतो. मल्टिमीटर बॅटरीवर लावून उपयोग नाही, पंपाच्या कनेक्टरजवळ लावा आणि पंप लोडवर असताना मोजा, ग्राउंडसुद्धा.

ट्यूनमध्ये तर फार लोक फसतात. इंजेक्टर बदलले की नुसता पाउंडचा आकडा बदलून भागत नाही, फोर्डच्या कॉम्प्युटरला हाय स्लोप, लो स्लोप, ब्रेकपॉइंट आणि व्होल्टेजप्रमाणे बदलणारा ऑफसेट हे इंजेक्टरचे सगळे आकडे लागतात, नाहीतर आयडल डगमगतं आणि लोक उगाच व्हॅक्यूम लीक शोधत बसतात. एअर मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) ५ व्होल्टला जाऊन टेकत असेल तर त्यापुढची हवा कॉम्प्युटरला दिसत नाही, मग इंजेक्टर कितीही मोठे असोत.

ई८५ (इथेनॉल मिसळलेलं इंधन) टाकणार असाल तर इंधन अंदाजे ३०% जास्त धरा. आणि पंपावर ई८५ लिहिलंय म्हणून ८५% इथेनॉल असतं असं नाही, ऋतूप्रमाणे ते ५१ ते ८३% असतं. आमच्याकडे थंडीत ते खाली जातं, तेव्हा उन्हाळ्यातली ट्यून तशीच ठेवू नका, टेस्टरने मोजा.

रेल उघडण्याआधी प्रेशर सोडा: डिकीतला इनर्शिया स्विच (धडक बसली की पंप बंद करणारा) ट्रिप करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरी काढा. इंजेक्टरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावल्याशिवाय दाबू नका, कोरडी रिंग फाटते. जोडून झालं की स्टार्टर न मारता दोनतीनदा नुसती चावी ऑन करा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट बघा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून.

होज बदलल्यावर मी आधीचे आणि नंतरचे लॉग शेजारी ठेवून पाहिले. पीसीएमकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) पंप मॉड्यूलला जाणारा सिग्नल दुप्पट करून वाचायचा असतो, म्हणजे ५०% दिसलं की पंप पूर्ण जोरात. चिरलेल्या होजवर तो आयडललासुद्धा नेहमीपेक्षा बराच वर होता, आणि लीन होण्याच्या कितीतरी आठवडे आधीपासून हळूहळू चढत होता.