टायगर बार्ब पाळताय? आधी ‘एक जोडी द्या’ म्हणणं बंद करा

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी फाटक्या पंखांच्या एंजल माशाचा फोटो पाठवतं आणि विचारतं, याला कुठला रोग झालाय? रोग कसला, त्याच फोटोत मागे दोन टायगर बार्ब दिसतायत की, पंख त्यांनीच कुरतडलेत.

आपल्याकडे मासे घ्यायची पद्धतच अशी, की दुकानात जायचं आणि आवडेल त्याची एकेक जोडी मागायची. टायगर बार्बच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही. हा सुमात्रा-बोर्निओकडचा थव्यात राहणारा मासा, थव्यात यांची दिवसभर आपसातच पळापळ, ढकलाढकली, कोण वरचढ ते ठरवणं चालू असतं आणि सगळी मस्ती तिथेच जिरते. दोनच आणले तर दणकट असतो तो दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो, नाहीतर दोघं मिळून टाकीतल्या संथ माशाचे पंख कुरतडतात. ८ च्या खाली आणूच नका, मी स्वतः १० घेतो आणि एकदमच सोडतो, कारण दोन-दोन करून वाढवले की जुने नव्यांना धुतात. हिरवे आणि अल्बिनो घेतले तरी चालतात, जात तीच आहे.

माझ्या एका मित्राने दोन फुटी टाकीत मोठ्या एंजलसोबत ३ टायगर बार्ब सोडले, दुकानदार म्हणाला होता "छोटे आहेत, काही करत नाहीत". आधी एंजलच्या पोटाखालचे दोऱ्यांसारखे लांब पंख गेले, मग शेपटी. याने काय करावं, तर पोट भरलं की चावणार नाहीत म्हणून खाणं दुप्पट केलं, आणि वर त्याच टाकीत मेथिलीन ब्लू हे निळं औषध ओतलं! उरलेलं खाणं सडलं, औषधाने फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मेले, पाण्याला वास सुटला, काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन अजून निळं आहे. शेवटी एंजल वेगळ्या टाकीत काढला, रोज थोडं पाणी बदललं, पंख आपोआप भरून आले. औषधाचा एक थेंब लागला नाही. पण बाटली ओतणं सोपं ना, म्हणून सगळे आधी तेच करतात.

टाकीचं म्हणाल तर २ बाय १ बाय १ फुटांची जेमतेम ५६ लिटरची होते, त्यातून वाळू-दगड वजा करा. हे मासे ६-७ सेंटीमीटर होतात, पळायला लांबी लागते, ३ फुटी घ्या.

फायटर, गप्पी, गुरामी सोबत नको. झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब असले चपळ चालतात.

संध्याकाळी टाकी भरली, सकाळी मासे सोडले, हा प्रकार तर बोलण्यापलीकडचा आहे. नव्या फिल्टरमध्ये चांगले बॅक्टेरिया वाढायला वेळ लागतो, म्हणून मी चालू टाकीतला जुना स्पंज त्यात टाकतो आणि तरीही थांबतो. ज्याला महिनाभर रिकामी टाकी बघवत नाही त्याने टीव्ही बघावा.

आणि पहाटे लाइट लावल्यावर सगळे डोकं खाली करून लटकलेले दिसले तर लगेच फोन करू नका, झोपलेत ते. दिवसभर तसेच राहिले तर मात्र पाण्यातल्या अमोनियाची (घाणीतून तयार होणारं विष) टेस्ट करा आणि पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढलेलं.