भला पंथ, भुकेला धनी: अंतराळातल्या कॅम्पेनसाठी पंथ कसा रचावा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये अंतराळातलं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका (सेशन्स) चालणारी एक गोष्ट, घेतली आणि तिच्यात वरून भला आणि आतून भयानक असा पंथ आणायचा म्हटलं की बरेच जीएम (गोष्ट चालवणारे गेममास्टर) सुरुवात राक्षसापासून करतात. आधी डोळे, सोंडा आणि उच्चारता न येणारं नाव, मग त्याला पुजणारी माणसं, आणि शेवटी, राहिलंच म्हणून, त्या माणसांचं एखादं अन्नछत्र. असा पंथ पहिल्याच सेशनला उघडा पडतो. अन्नछत्र हे नुसतं पांघरूण असतं आणि दिसलं पांघरूण की ओढायचं, ही खेळाडूंची जुनी खोड. क्रम उलटा करा. आधी पंथाचं चांगलं काम ठरवा, ते खरोखर चांगलं ठेवा, आणि त्याच कामातून धन्याचं, म्हणजे पंथामागच्या त्या राक्षसाचं, पोट भरेल अशी व्यवस्था लावा. मग लपवायला फारसं काही उरत नाही.

खालचा सगळा हिशेब चार-पाच खेळाडू आणि तीन-तीन तासांची आठ सेशन्स धरून केलाय. नियमावली कुठलीही चालेल, फक्त तिच्यात पात्राच्या मानसिक ताणाचा आकडा हवा. नसेल तर शून्य ते दहा असा एक आकडा शीटच्या कोपऱ्यात लिहायला सांगा.

काम आणि भूक

उदाहरणासाठी एक पंथ रचू. नाव ‘ओवरी’. दोन ताऱ्यांमधल्या ओसाड पट्ट्यात या लोकांची स्थानकं आहेत. बिघडलेल्या, भरकटलेल्या यानांना ते हवा, पाणी, दुरुस्ती आणि झोपायला जागा देतात. पैसे घेत नाहीत, प्रवचन ऐकायची सक्ती नाही, निघायचं म्हटलं तर कुणी अडवत नाही. प्रवासात कुणी गमावलं असेल तर रात्री एका खोलीत बसून त्या माणसाचं नाव सांगायचं आणि तिथेच झोपायचं. सकाळी दुःख हलकं झालेलं असतं. हे खरंच घडतं, यात हातचलाखी नाही.

आता भूक. सांगितलेलं माणूस सांगणाऱ्याच्या आठवणीतून पुसलं जातं. आणि ज्या मेलेल्या माणसाला आठवणारं विश्वात कुणीच उरलं नाही, त्याचा श्वास धन्याला मिळतो. अशा श्वासांतून तो आपल्या बाजूला देह जमवतोय. धन्याबद्दल जीएमच्या वहीत एवढी दोन वाक्यं पुरेत. तो कुठून आला, त्याला काय हवंय, त्याचे भाऊबंद किती, हे लिहायला बसलात की तो शेजारच्या आळीतला गुंड वाटायला लागतो.

पंथातल्या लोकांना किती माहीत असावं? जवळजवळ काहीच नाही. स्थानकावर चाळीस सेवेकरी असतील तर एकोणचाळीस जण मनापासून सेवा करतात. चाळिसावी, म्हणजे स्थानकाची प्रमुख, तिला काहीतरी कळलंय, पण तेही चुकीचं: गेलेली माणसं परत येतायत असं तिला वाटतं. कॅम्पेनभर मनात ठेवा की या गोष्टीत खोटं बोलणारं कुणी नाही. त्यामुळे खेळाडूंनी खोटं पकडायचे कितीही फासे टाकले तरी तुम्ही बेधडक ‘ती खरं बोलतेय’ म्हणू शकता.

खऱ्या पंथांकडून काय उचलायचं

ढाचा उचला, माणसं नकोत. जिम जोन्सच्या पीपल्स टेंपलनं कॅलिफोर्नियात गरिबांना जेवू घातलं, म्हाताऱ्यांसाठी घरं चालवली. १९७६ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमण्यात आलं, आणि १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या त्यांच्या वसाहतीत नऊशेहून जास्त माणसांचा जीव गेला. जपानमधला ओम शिनरिक्यो १९८४ मध्ये योगाचा वर्ग म्हणून सुरू झाला, टोकियोच्या मेट्रोत त्यांनी सरीन हा विषारी वायू सोडला तो २० मार्च १९९५ ला. लोक तत्त्वज्ञान वाचून आत शिरत नाहीत. जेवण, सोबत, बरी झालेली कंबर यांच्या मागून येतात आणि तत्त्वज्ञान नंतर अंगवळणी पडतं. म्हणून तुमच्या पंथाचा ग्रंथ लिहीत बसू नका, स्वयंपाकघर रंगवा.

दुसरी गोष्ट संशयाची. हेवन्स गेट या अमेरिकी पंथाचे लोक वेबसाइट बनवून पोट भरत. हेल-बॉप धूमकेतूच्या मागून आपल्याला न्यायला यान येतंय अशी त्यांची श्रद्धा होती आणि मार्च १९९७ मध्ये ३९ जणांनी जीव दिला. त्याआधी ते यान बघायला त्यांनी दुर्बीण आणली होती. यान काही दिसेना, तेव्हा त्यांनी दुर्बीण दुकानात परत केली. त्याआधीचा शिकागोचा एक गट २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार म्हणून जागत बसला होता. पूर आला नाही, तेव्हा ‘आपल्या प्रकाशामुळे जग वाचलं’ असा निरोप आला आणि तोवर पत्रकारांना टाळणारे हे लोक आपणहून त्यांना फोन करू लागले. टेबलावर हे जसंच्या तसं वापरता येतं: खेळाडूंनी पुरावा पुढे ठेवला की सेवेकरी ना चिडतो ना गडबडतो. तो म्हणतो, ‘अरे, मीटर बिघडलेला दिसतोय,’ आणि दुसऱ्या दिवशी खरंच नवा मीटर बसवतो.

आपल्या भागातला एखादा संप्रदाय, बाबा किंवा समाज डोळ्यांसमोर ठेवून पंथ उभा करू नका. खेळाडू गोष्ट सोडून त्यावरच वाद घालत बसतात. ‘परक्या, मागास लोकांचा काळा देव’ हा या प्रकारच्या जुन्या कथांमधला साचा तर पूर्ण टाळा. तो शिळा आहेच, वर वाईटही.

चिठ्ठ्या

या कॅम्पेनचा सगळा खेळ इथे आहे, तेव्हा तयारीत आळस नको. सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीत, प्रत्येक खेळाडूला पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चार कोऱ्या चिठ्ठ्या द्या. प्रत्येकीवर पात्राला दुरावलेल्या, आता हयात नसलेल्या एकेका माणसाचं नाव आणि एक बारीक तपशील: ‘चहात बिस्किट बुडवून विसरायचा’, ‘जिना चढताना पायऱ्या मोजायची’. अट एकच. या माणसाला आता या पात्राशिवाय कुणीही ओळखत नसावं. खेळाडूच्या खऱ्या आयुष्यातलं माणूस नको, हे आधीच स्पष्ट सांगा. स्मृतिभ्रंश, शोक, आत्महत्या यांतलं काय टेबलावर नको तेही त्याच दिवशी विचारून घ्या, आणि खेळ मध्येच थांबवायला एक्स-कार्ड, म्हणजे कुणीही बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा असं कार्ड, टेबलाच्या मधोमध ठेवा. विषय हळवा आहे. घरात नुकतंच कुणी गेलं असेल त्या खेळाडूला हे कॅम्पेन देऊच नका.

ओवरीत रात्र काढून नाव सांगायचं ठरलं की खेळाडू आपल्या हातानं एक चिठ्ठी निवडून तुमच्या डब्यात टाकतो. डबा पत्र्याचा असेल तर उत्तम, चिठ्ठी पडल्याचा आवाज होतो. बदल्यात ताण शून्य आणि पुढच्या सेशनभर एका फेकीला +१. मोबदला भरघोसच ठेवा. कंजूषपणा केलात तर कुणी डब्याकडे फिरकणार नाही. त्या क्षणापासून ते नाव पात्राच्या तोंडी येऊ शकत नाही. खेळाडूला आठवतं, पात्राला नाही. टाकायलाच हवी असा दबाव कधी आणू नका, पण त्या आधीच्या सेशनला ताण वाढेल असे दोन प्रसंग जरूर ठेवा.

तिसऱ्या सेशनपासून डब्यातले तपशील वापरायला लागा, हळूच. स्थानकाच्या रिकाम्या जिन्यावरून कुणीतरी पायऱ्या मोजत चढतंय. एवढंच. खेळाडूनं स्वतः लिहिलेली ओळ त्याला जेवढी हलवते तेवढं तुमचं कुठलंही वर्णन हलवणार नाही. एका सेशनला एकच तपशील. दोन वापरले की सगळे हसायला लागतात.

हवेचा हिशेब

प्रत्येक निष्कर्षाकडे नेणारे किमान तीन पुरावे पेरा. एक खेळाडूंच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा कामी येतो. ‘इथे आणखी कुणीतरी श्वास घेतंय’ या निष्कर्षाचा मुख्य पुरावा आकड्यांत ठेवा. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, याननियोजनात हाच आकडा धरतात. चाळीस सेवेकऱ्यांचे ३३.६ किलो. पाहुण्यांची हवा वगळून राहिलेली नोंद मात्र ४३.६८ किलो. भागाकार खेळाडूंना करू द्या: बावन्न माणसं. बारा जादा.

यातली खरी गंमत पुढे. डब्यात एक चिठ्ठी पडली की पुढच्या नोंदीत ०.८४ वाढवा: ४४.५२, मग ४५.३६. हवाघराची वही खरोखर कागदावर करा, तारखा आणि आकडे हातानं लिहा, आणि दर सेशनला नवी ओळ घालून टेबलावर उघडी ठेवा. कुणी विचारलं नाही तर तुम्हीही बोलू नका. ज्या सेशनला कुणीतरी आपल्या चिठ्ठ्या आणि वाढलेले आकडे जुळवेल, त्या सेशनचं बाकीचं नियोजन सोडून द्या.

दुसरा पुरावा पाण्याचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकानं २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याची मजल गाठली, म्हणजे उत्तम यंत्रणेतही थोडं पाणी बाहेरून घालावंच लागतं. ओवरीनं कित्येक वर्षांत पाणी मागवलेलं नाही आणि टाकी भरतेच आहे. न पिणारं कुणीतरी दमट श्वास सोडतंय. तिसरा पुरावा साधा ठेवा, उदाहरणार्थ रोज रात्री न सांगता बारा जादा पांघरुणं घालणारा म्हातारा सेवेकरी, ज्याला स्वतःलाही कारण ठाऊक नाही.

धनी स्थानकांना आतून जोडतो, हे दाखवायला अंतर वापरा. सूर्यापासून सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे, तेव्हा दोन ताऱ्यांमधल्या प्रश्नोत्तराला आठ वर्षांहून जास्त लागतात. एवढ्या अंतरावर पंथाच्या शाखांमध्ये फरक पडायलाच हवेत: इथली प्रार्थना लांब, तिथली आखूड, जेवणाची वेळ वेगळी. असे चार फरक मुद्दाम दाखवा. मग दोन्हीकडच्या प्रार्थनेत एकाच दिवशी शिरलेली एकच नवी ओळ खेळाडूंच्या हाती लागू द्या. तुमच्या विश्वात प्रकाशापेक्षा वेगवान यानं असतील तर त्यातल्या सगळ्यात वेगवान यानाला लागणारा वेळ काढा आणि ओळ त्याच्याही आधी पोचलेली दाखवा.

हमखास बिघडतं ते

पहिल्याच तासाला कुणीतरी म्हणतं, ‘हे लोक नक्की माणसं खातात.’ म्हणू द्या. त्यांना कोठीघर उघडून द्या, हिशेब दाखवा, निघून गेलेल्या सेवेकऱ्यांची खुशालीची पत्रं वाचायला द्या. सगळं स्वच्छ निघतं, कारण सगळं स्वच्छच आहे. दोन सेशन्स असं झालं की संशय थकतो.

तिसऱ्या सेशनला स्फोटकं निघतात, हा दुसरा प्रकार. उपाय आधीच करून ठेवा: स्थानकात कायम वीस-पंचवीस आजारी पाहुणे आणि जवळची दुसरी हवा एकोणीस दिवसांवर. येऊ घातलेल्या एखाद्या यानाचा मदतीचा संदेशही चालू ठेवा. जाळायला मनाई नाही, पण मरतील त्यांची नावं खेळाडूंना माहीत असली पाहिजेत.

आणि जीएमची स्वतःची चूक: धनी दाखवणं. तो दिसत नाही, मोजला जातो. दरवाजावर आतून साचलेलं दव, वाढलेला आकडा, बारा जणांचा एकाच लयीतला श्वास. अभद्र, अघोरी, सैतानी ही विशेषणं वहीतूनच खोडून टाका.

शेवटची तीन सेशन्स

जादा श्वास वीस झाले की धनी उभा राहू शकतो, म्हणजे बारापासून आठ पायऱ्या. त्याला मागे रेटायचा मार्ग एकच: चिठ्ठी परत घेणं. पात्रानं ते माणूस पुन्हा आठवायचं, म्हणजे खेळाडूनं डब्यातून चिठ्ठी काढून ती मोठ्यानं वाचायची आणि तपशिलात स्वतःची एक नवी ओळ जोडायची. श्वास एकानं घटतो आणि ताण एका झटक्यात कमाल आकड्यावर जातो. उतरवलेलं सगळं दुःख एकदम अंगावर येतं.

पहिल्या बारा जणांचं काय? त्यांना आठवणारं कुणीच नाही. सहावं आणि सातवं सेशन या शोधासाठी ठेवा: यानांच्या प्रवासी याद्या, न पोचलेली पत्रं, बुटाच्या तळव्यावर कोरलेलं नाव. प्रत्येकासाठी नाव आणि एक तपशील मिळाला की तोही श्वास सुटतो. बाराच्या बारा मिळणार नाहीत असाच वेळ द्या, सात-आठ पुरेत.

एखादा खेळाडू चिठ्ठी परत घ्यायला नकार देईल. ते मान्य करा, त्या पात्राकडे चांगलं कारण असतं, आणि बाकीच्यांना त्याची मनधरणी टेबलावरच करू द्या. वीसचा आकडा गाठला गेलाच तर कॅम्पेन तिथे तोडू नका. स्थानक पूर्वीसारखंच चालू राहतं, हवा मिळते, जेवण मिळतं, फक्त आता नाव सांगायची गरज उरलेली नाही, दारातून आत पाऊल टाकलं की पुरतं. आठव्या सेशनची सुरुवात इथून करा आणि मदत मागणाऱ्या त्या यानाला काय कळवायचं हे खेळाडूंना ठरवू द्या.