बंद पडलेला जुना ट्रक लांब न्यायचाय? आधी चाकं फिरवून बघा

भाडं ठरवायच्या आधी एकच गोष्ट बघा, ट्रक ढकलला तर सरकतो का. चाकं फिरली, स्टेअरिंग वळलं की विंचने (तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढून ट्रेलरवर चढवता येतो, पण ब्रेक जाम असतील तर क्रेन लागते आणि खर्च तिथेच वाढतो, म्हणून दोन दिवस आधी जाऊन टायरमध्ये हवा भरा, जाम ब्रेक सोडवा, हे स्वस्तात होतं.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते रिटर्न लोडमध्ये. माल उतरवून रिकामा परतणारा ट्रेलर कमी भाड्यात तयार होतो, फक्त तारखेचा हट्ट धरू नका. लांबी, रुंदी, उंची, वजन खरं सांगा आणि गाडी बंद आहे हे आधीच सांगा, नाहीतर ऐनवेळी भाव वाढणारच. ट्रेलरवर चढल्यावर एकूण उंची किती होते तेही मोजा, वाटेत पूल असतात.

दोरीने टो करून लांब नेऊ नका प्लीज! इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल नीट फिरत नाही, आतले बेअरिंग जळतात. थोडं अंतर ओढायचंच असेल तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्स आणि मागची चाकं जोडणारा दांडा, काढा.

बॅटरीची वायर काढा, सुटे पार्ट केबिनमध्ये बांधा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ट्रक ट्रेलरला आवळायचे पट्टे अ‍ॅक्सल (चाकांचा आस) किंवा चासीला (खालच्या सांगाड्याला) बांधा, चारही कोपऱ्यांना, जुन्या पत्र्याला अजिबात नाही. पहिल्या ५०-६० किमीनंतर थांबून पट्टे परत आवळायला ड्रायव्हरला आवर्जून सांगा, ते हमखास सैल होतात.