तत्त्वज्ञानाला प्रवेश घेण्याआधी

कॉलेजचं नाव क्षणभर बाजूला ठेवा. आधी तिथल्या तत्त्वज्ञान विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि कोणाचा अभ्यास कशाचा, हे वहीत उतरवा. दोघेच असतील तर तुमची सगळी पदवी त्या दोघांच्या आवडीवर चालेल. माहितीपत्रकात विषय भरपूर छापलेले असतात; त्यांपैकी गेल्या दोन वर्षांत खरोखर शिकवले गेले ते कोणते, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

मग दोन-तीन विषयांच्या वाचनयाद्या मिळवा. मूळ ग्रंथ वाचून घेतात की नुसत्या नोट्सवर भागवतात, हे त्यांतून कळतं, आणि माझ्या मते निवड इथेच ठरते. प्लेटोचे उतारे १५७८ च्या आवृत्तीवरून रूढ झालेल्या पृष्ठांकांनी दिलेले असतील, किंवा कांटच्या मुख्य ग्रंथासाठी १७८१ आणि १७८७ या दोन्ही आवृत्त्यांचे पृष्ठांक असतील, तर बहुधा वर्गात पुस्तक उघडलं जातं.

तर्कशास्त्र पहिल्याच वर्षी घ्या, गणिताची धास्ती असली तरी. अभ्यासक्रम सत्यताकोष्टकांपाशी, म्हणजे जोडविधान केव्हा खरं आणि केव्हा खोटं हे दाखवणाऱ्या तक्त्यांपाशी, थांबत नाही ना, एवढं बघा. ‘प्रत्येकाला कोणी ना कोणी आवडतं’ आणि ‘एकच कोणीतरी सगळ्यांना आवडतं’ यांतला फरक त्या कोष्टकांत मावत नाही. त्यासाठी १८७९ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने उभं केलेलं विधेय तर्कशास्त्र, म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी’ यांचा हिशेब ठेवणारं तर्कशास्त्र, लागतं, आणि पुढे भाषेचं तत्त्वज्ञान वाचताना त्यावाचून पानोपानी अडतं.

इतिहासात ग्रीक आणि देकार्त ते कांट हे दोन टप्पे सोडू नका. भारतीय तत्त्वज्ञान दर्शनांची धावती ओळख करून देऊन उरकलेलं नको. न्यायदर्शनाचे नैयायिक चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, मानतात; बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नाग दोनच मानतो. त्यावरून दोन्ही बाजूंनी शतकानुशतकं एकमेकांना उत्तरं लिहिली. हा वाद मूळ युक्तिवादांसह शिकवणारा विभाग मिळाला तर तो सोडू नये.

सत्रात निबंध किती लिहावे लागतात आणि ते शेऱ्यांसह परत मिळतात का, हेही विचारा. नुसते गुण मिळाल्याने लिहिणं सुधारत नाही. जोडविषय म्हणून संस्कृत, ग्रीक किंवा जर्मन घेता आलं तर उत्तम. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाकडे ओढ असेल तर भौतिकशास्त्र. शुल्क, शिष्यवृत्ती आणि अर्जाच्या तारखा वेगळ्या कागदावर मांडा.

अर्ज भरण्याआधी परवानगी काढून एखाद्या तासाला बसा. विद्यार्थ्याने आक्षेप घेतल्यावर शिक्षक त्याला गप्प बसवतात की तो आक्षेप फळ्यावर मांडून तपासतात, ते पाहा.