‘फ्रीडरिश’ वर्गात घेताना: मैत्री, पूर्वग्रह आणि एक तक्ता

हान्स पेटर रिश्टर यांची ही छोटेखानी जर्मन कादंबरी १९६१ची. १९२५ साली एकाच इमारतीत आठवड्याच्या अंतराने जन्मलेली दोन मुलं. फ्रीडरिश श्नायडर ज्यू आहे, गोष्ट सांगणारा त्याचा मित्र ज्यू नाही. या मित्राला लेखकानं नावच दिलेलं नाही. आठवी-नववीच्या वर्गाला दोन जोडतास पुरतात, मात्र पुस्तक मुलांनी आधी घरी वाचलेलं हवं.

सुरुवात तक्त्यानं करा. प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकाखाली साल छापलेलं आहे, ते फळ्यावर उतरवा. पुढे तीन रकाने: दोघं मिळून काय करू शकतात, ते कोण थांबवतं, थांबवणाऱ्याला त्यातून काय मिळतं. तिसरा रकाना मुलं रिकामा ठेवतात. तो भरून घ्याच. तक्ता नसला की हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘युद्धामुळे मैत्री तुटली’. युद्ध सुरू झालं सप्टेंबर १९३९मध्ये. तोवर निम्म्याहून जास्त पुस्तक संपलेलं असतं.

१९३३मधलं चेंडूचं प्रकरण मोठ्यानं वाचून घ्या. दुकानाची काच निवेदकाच्या हातून फुटते. एक बाई फ्रीडरिशला धरते. निवेदक ‘मी फोडली’ म्हणून सांगतो, तरी ती ऐकत नाही. पोलीसही तिचंच खरं मानतो. इथे थांबा आणि विचारा: खरं सांगूनही उपयोग का झाला नाही? नुसता गैरसमज असता तर कबुलीनं मिटला असता. या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

१९३५चं प्रकरण त्यामानानं लवकर उरकतं. दोन्ही घरी काम करणारी बाई श्नायडरांचं काम सोडते, कारण ज्यूंच्या घरी जर्मन बायकांनी काम करण्यावर बंधनं आणणाऱ्या १५ सप्टेंबरच्या न्यूरेंबर्ग कायद्यांची तिला धास्ती आहे. द्वेष तिच्या बोलण्यात कुठेच नाही. १९३६मध्ये निवेदकाचे वडील नोकरीसाठी नाझी पक्षात गेलेले दिसतात आणि तेच श्नायडरांना देश सोडायला सांगतात. या वडिलांवर वर्गात दोन तट पडतात. पडू द्या, निकाल देऊ नका.

नोव्हेंबर १९३८चं प्रकरण मात्र गाळू नका. काम शिकणाऱ्या ज्यू मुलांच्या वसतिगृहावर जमाव चालून जातो, निवेदक हातोडी उचलतो आणि मोडतोडीत त्याला चक्क मजा येते. घरी परततो तर श्नायडरांच्या बिऱ्हाडाची नासधूस चाललेली असते. इतका वेळ त्याच्या बाजूनं असलेली मुलं इथे अवघडतात. लगेच समजूत घालू नका.

शेवटच्या, १९४२च्या भागात घरमालक रेश फ्रीडरिशला बॉम्बहल्ल्याच्या वेळी तळघरात येऊ देत नाही. सगळा दोष त्याच्यावर टाकून मुलं मोकळी होतात. म्हणून आणखी दोन रकाने काढा: तळघरातले बाकीचे लोक काय बोलतात, आणि शेवटी काय करतात.

‘आपल्याकडे भाड्यानं घर देताना आडनाव विचारतातच की’ असं कुणी म्हणालं तर तो धागा जरूर घ्या, पण तक्ता पुरा झाल्यावर. आधी घेतलात तर जर्मनी बाजूला राहते.

निबंधाला ‘मैत्रीचे महत्त्व’ हा विषय देऊ नका, पाठ केलेली वाक्यं येतील. ‘निवेदक कुठे कुठे गप्प बसतो?’ हा द्या आणि प्रत्येक मुद्द्याला प्रकरणाचं नाव व साल मागा.